नाकाची साक्ष

श्रोतेहो, बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना केदारेश्वराच्या मंदिरामुळे परिचित आहे. चालुक्यकालीन शिल्पींनी त्या मंदिराच्या बाह्यभिंतींवर ज्या सुरसुंदरी कोरल्या आहेत, त्या पाहण्याकरिता मी एकदा तेथे गेलो होतो. परतण्यास संध्याकाळ झाली. घरोघरी चुली पेटल्या होत्या आणि तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्या यांचा निळसर धूर गावावर एखाद्या पातळ चादरीसारखा पसरला होता. ज्या घरी मी चहाकरिता थांबलो, त्या घरातील वृद्ध मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "धूर आम्हाला काय नवा आहे, बाबा? पण अलीकडे तो डोळ्यांपेक्षा छातीलाच जास्त लागतो." त्यांच्या या बोलण्यात एक प्रश्न दडलेला होता, तो असा की, जो धूर आपण श्वासाबरोबर घेतो त्यात नेमके काय असते आणि किती असते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची खटपट प्रथम मोठ्या शहरांतून झाली. त्या खटपटीचा इतिहास आज आपणांस थोडक्यात सांगावयाचा आहे. आणि अखेरीस त्या इतिहासाचा हात धरूनच आपण पुन्हा धर्मापुरीस येणार आहोत.

आरंभी ज्या पदार्थांविषयी आपण बोलत आहोत, त्यांची ओळख करून घेणे इष्ट होईल. लाकूड, कोळसा, खनिज तेल या सर्वांत कार्बन हे मूलद्रव्य असते. कार्बनची जी असंख्य संयुगे बनतात त्यांना रसायनशास्त्रज्ञ सेंद्रिय संयुगे म्हणतात. बाजारात 'सेंद्रिय' भाजी म्हणून जी मिळते तिच्याशी या शब्दाचा संबंध नाही, हे ध्यानात ठेवावे. ही संयुगे हवेत दोन रूपांनी वावरतात. काही इतकी चंचल असतात की, बाटलीचे बूच उघडताच त्यांची वाफ होते. पेट्रोलचा, रंगाचा किंवा नखांना लावावयाच्या रोगणाचा वास हा त्यांचाच. यांना बाष्पनशील संयुगे म्हणतात आणि बेंझीन हे त्यांतील प्रमुख होय. दुसरी जड व चिकट असतात, ती काजळीच्या कणांना धरून राहतात. आढ्याला जी काळी, तेलकट काजळी लागते तिच्यात ती असतात. बेंझोपायरीन हे त्यांचे ठळक उदाहरण. पहिल्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी व दुसऱ्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी असल्याचे आज सर्वमान्य झाले आहे.

विलक्षण गोष्ट अशी की, या पदार्थांची ओळख होऊन फार काळ लोटला तरी ते हवेत मोजण्याचे कोणाच्या मनात आले नाही. १७७५ साली इंग्लंडमधील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. १८२५ साली मायकेल फॅरडे यांनी दिव्याच्या वायूच्या टाक्यांत साचलेल्या तेलकट द्रवातून बेंझीन वेगळे काढले. काजळीतील अपराधी पदार्थांपैकी एक, म्हणजे बेंझोपायरीन, मात्र १९३३ साली, पॉट यांच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, लंडनमधील संशोधकांनी डांबरातून हस्तगत केला. तोपर्यंत धुराचा निवाडा होत असे तो डोळ्यांनी.

आपल्या मुंबईचेच उदाहरण पाहू. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडाच्या पहिल्या गिरणीची स्थापना केली आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा हे भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेले. रस्त्यांवर वायूचे दिवे आले. तो वायू लालबागच्या कारखान्यात दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढीत आणि त्याच भट्टीतून डांबर निघे. म्हणजे नगरीला उजेड देणारी भट्टी पुढे हवेत जे पदार्थ मोजावे लागले त्यांचीही जननी होती. धुराच्या तक्रारी वाढल्या तेव्हा कलकत्त्याच्या पाठोपाठ मुंबईसाठीही १९१२ साली धूर-उपद्रवाचा कायदा झाला. धूर कायद्याच्या मर्यादेबाहेर गेला की नाही हे ठरवावयाचे कसे? त्या काळी जगभर यासाठी फ्रेंच अभियंता रिंगेलमान याने १८८८ साली सुचवलेला तक्ता वापरीत. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या छापलेल्या असत. पहिली वीस टक्के काळी, दुसरी चाळीस टक्के, याप्रमाणे चढत जाणाऱ्या. निरीक्षकाने तक्ता समोर धरावयाचा, दूरच्या धुराड्याकडे पाहावयाचे आणि धूर कोणत्या जाळीशी जुळतो ते लिहून घ्यावयाचे.

ही युक्ती साधी होती आणि तिने पुष्कळ उपयोग झाला, यात संशय नाही. परंतु तिच्यात एक मोठे वैगुण्य होते. जे दिसत नाही ते तिच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. बेंझीनची वाफ रंगहीन असते. कारखान्याने धूर काळा न सोडता स्वच्छ दिसणारा सोडला की कायद्याचे समाधान होई. शेजाऱ्यांच्या नाकाला मात्र काही निराळेच कळत असे. पण नाकाची साक्ष कोण मान्य करणार? वास हा ज्याचा त्याचा अनुभव. एकाला येतो, दुसऱ्याला येत नाही, आणि रोज येत राहिला की त्याच नाकाला तो येईनासा होतो.

नाकाच्या साक्षीला प्रयोगशाळेचे पाठबळ प्रथम मिळाले ते अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर असे दाट धुके उतरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. महायुद्धाचे दिवस होते, त्यामुळे शत्रूने विषारी वायू सोडला की काय अशीही शंका काहींना आली. शहरात दगडी कोळशाचा धूर फारसा नव्हता, मग हे काय असावे? मूळचे हॉलंडचे व तेथील एका विद्यापीठात काम करणारे हागेन-स्मिट नावाचे शास्त्रज्ञ त्या वेळी अननसाच्या सुवासाचा अभ्यास करीत होते. फळातून निघणारी सूक्ष्म बाष्पे अतिशीत नळीत गोठवून ते गोळा करीत. तीच नळी त्यांनी शहराच्या हवेला लावली, तेव्हा तिच्यात उग्र वासाचे तपकिरी द्रव्य साचले. पुढे प्रयोगांअंती १९५२ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की, मोटारींतून व तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांतून निसटणारी सेंद्रिय बाष्पे आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला म्हणजे ओझोन व इतर दाहक पदार्थ तयार होतात. उन्हाच्या देशांना ही गोष्ट विशेष विचारात घेण्याजोगी होती, कारण जे ऊन आपण निर्मळ मानतो तेच येथे विषाचा कारागीर ठरत होते.

तथापि हवेत शेकडो संयुगे एकत्र मिसळलेली असतात. त्यांतील एकेक वेगळे करून मोजावयाचे तर साधन हवे होते. ते त्याच वर्षी, १९५२ साली, इंग्लंडमध्ये जेम्स व मार्टिन या दोघांनी सिद्ध केले. त्यास वायुवर्णलेखन असे नाव आहे. 'वर्ण' हा शब्द येथे आला तो त्सव्हेट या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. त्याने या शतकपूर्व पद्धतीच्या मूळ रूपाने पानांतील रंग निरनिराळे केले होते. तिचे तत्त्व एका घरगुती दृष्टांताने समजेल. जत्रेहून मंडळी एकाच वेळी परत निघतात. वाटेत दोन्ही बाजूंना दुकाने असतात. कोणी कोठेच थांबत नाही, कोणी खेळण्यांपाशी घुटमळतो, कोणी प्रत्येक दुकानात डोकावतो. साहजिकच गावच्या वेशीत सर्वजण एकदम न पोचता एकामागून एक पोचतात. यंत्रातील लांब, बारीक नळी ही ती वाट होय. आतील लेप ही दुकाने आणि निरनिराळी संयुगे ही मंडळी. लेपाविषयी ज्याला जितकी ओढ, तितका त्याला उशीर. नळीच्या दुसऱ्या टोकास हायड्रोजनची लहानशी ज्योत असते. कार्बनचे संयुग तीत जळाले की अत्यल्प विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि त्याच्या नोंदीवरून कोण आले व किती आले, हे दोन्ही कळते. ही ज्योत १९५७-५८ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधून काढली.

हवा यंत्रापर्यंत आणावयाची तिची रीतही जाणून घेण्यासारखी आहे. बोटाएवढ्या काचेच्या नळीत क्रियाशील कोळशाचे किंवा तशाच शोषक द्रव्याचे दाणे भरतात आणि लहान पंपाने ठरावीक वेळ ठरावीक हवा त्यातून ओढतात. बेंझीनसारखी बाष्पे दाण्यांना चिकटून राहतात. प्रयोगशाळेत ती द्रावकाने किंवा उष्णतेने सोडवून यंत्रात घालतात. जड संयुगांकरिता हवा गाळणकागदातून ओढून त्यावरील काजळी द्रावकात विरघळवितात. येणेप्रमाणे ज्या कोळशाने हवा बिघडवली, त्याच्याच एका शुद्ध रूपाने तिची परीक्षा होते.

आता पुन्हा मुंबईकडे वळू. लॉस एंजेलिसमध्ये हे संशोधन चालू असता इकडे तुर्भे येथे खाडीकाठी तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने उभे राहत होते. पहिला १९५४ साली व दुसरा १९५५ साली सुरू झाला. पुढे खताचा कारखाना आला, तेलाच्या व रसायनांच्या टाक्या आल्या. माहुलच्या कोळ्यांची जुनी वस्ती, चेंबूरची नवी घरे आणि हे कारखाने एकमेकांना खेटून वाढले. १९५८ साली नागपूर येथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, या नावाने ओळखली जाते. १९७० च्या दशकात केईएम रुग्णालयाचे डॉ. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी लालबाग, चेंबूर व खार या तीन भागांतील रहिवाशांच्या प्रकृतीची मोठी पाहणी केली आणि हवेचा व श्वसनविकारांचा संबंध दाखवून दिला. ही पाहणी भारतातील या विषयाच्या पायाभूत कार्यांत गणली जाते. परंतु तिचा मुख्य मापदंड होता गंधकाचा वायू व धूळ. पेट्रोलाच्या जातीची जी बाष्पे चेंबूरच्या नाकांना रोज कळत होती, त्यांचे आकडे अद्याप यावयाचे होते.

ते आकडे आले ते पुष्कळ उशिरा. तुर्भे येथेच असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मुंबईच्या औद्योगिक भागांतील हवेमधील हायड्रोकार्बनांची मोजणी करून ती १९९७ साली प्रसिद्ध केली. २००४ साली नीरीच्या डॉ. अंजली श्रीवास्तव यांचा मुंबईच्या हवेतील बाष्पनशील संयुगांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात केवळ किती, एवढाच प्रश्न न विचारता कोठून, हाही विचारलेला होता. प्रत्येक उगमाची संयुगे विशिष्ट प्रमाणात असतात. पेट्रोलच्या वाफेचे मिश्रण निराळे, मोटारीच्या धुराचे निराळे, रंगाचे निराळे. या प्रमाणांवरून गणिताने उगमांचा माग काढता येतो. याच सुमारास आणखी एक गुंतागुंत झाली होती. शिसे विषारी म्हणून ते पेट्रोलमधून २००० साली देशभर हद्दपार झाले, हे योग्यच झाले. परंतु शिशाने जे काम होत असे ते करून घेण्यास बेंझीनच्या कुळातील संयुगे उपयोगी पडतात, तेव्हा त्यांच्यावर नजर ठेवणे आता अधिक अगत्याचे झाले. पुढे पेट्रोलमधील बेंझीनवर एक टक्क्याची मर्यादा प्रथम मोठ्या शहरांत व मागाहून देशभर लागू झाली. मोजणी झाली म्हणूनच मर्यादा घालता आली.

१८ नोव्हेंबर २००९ हा दिवस या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे. त्या दिवशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हवेच्या गुणवत्तेची नवी राष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली. १९९४ च्या मानकांत बेंझीन नव्हते आणि बेंझोपायरीनही नव्हते. नव्या बारा पदार्थांच्या यादीत दोहोंना स्थान मिळाले. एका घनमीटर हवेत बेंझीनची वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी आणि बेंझोपायरीनची १ नॅनोग्रॅमहून अधिक नसावी, असे ठरले. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. इतका सूक्ष्म पदार्थ तोलून कायद्याच्या तराजूत घालता येऊ लागला, हे गेल्या अर्धशतकातील वर्णलेखनाचे फळ होय.

या आकड्यांचे बळ काय असते, ते माहुलने दाखवून दिले. माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांनी टाक्यांतून येणाऱ्या उग्र वासाची तक्रार राष्ट्रीय हरित प्राधिकरणाकडे नेली. केईएम रुग्णालयातील तज्ज्ञांनी केलेली तेथील लोकांच्या प्रकृतीची पाहणीही प्रकरणात पुढे आली. डिसेंबर २०१५ मध्ये प्राधिकरणाने तेथील हवा रहिवाशांच्या आरोग्यास धोकादायक असल्याचे मान्य केले. दुःखाची गोष्ट अशी की, त्यानंतरही तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या उठवून त्यांतील कुटुंबे याच माहुलच्या इमारतींत पाठवण्यात आली. ती कुटुंबे उच्च न्यायालयात गेली आणि २०१९ साली न्यायालयाने, जी माहुलला जाऊ इच्छीत नाहीत त्यांना इतरत्र राहण्याकरिता दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२० मध्ये हरित प्राधिकरणाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई आकारली आणि तिचे कारण म्हणून बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचेच नाव घेतले. ज्या वासाला एके काळी तक्त्यावर जागा नव्हती, त्याला निकालपत्रात नाव मिळाले. नाकाने प्रथम सांगितले होते तेच यंत्राने सांगितले. परंतु यंत्राने सांगितले तेव्हा ते ऐकले गेले.

श्रोतेहो, येथवर हा इतिहास शहरांचा झाला. आता कबूल केल्याप्रमाणे धर्मापुरीच्या त्या चुलीपाशी परत येऊ. ज्या बेंझोपायरीनची गोष्ट आपण लालबागच्या भट्टीपासून ऐकली, ते लाकडाच्या व गोवरीच्या धुरातही असते. १९८३ साली अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ व त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातेतील चार खेड्यांत केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. स्वयंपाक करणाऱ्या ३६ स्त्रियांच्या श्वासात येणारी हवा त्यांच्या अंगावर लहान उपकरणे देऊन तपासण्यात आली. स्वयंपाकाच्या वेळी त्या हवेत बेंझोपायरीनचे सरासरी प्रमाण घनमीटरला सुमारे ४,००० नॅनोग्रॅम आढळले. आपले मानक आहे १ नॅनोग्रॅम. अर्थात मानक वर्षाच्या सरासरीचे आहे व हा आकडा केवळ स्वयंपाकाच्या वेळेचा, तेव्हा दोहोंची थेट तुलना करणे न्याय्य होणार नाही. म्हणून आपण थोडे गणित करू. दिवसातील तीनच तास चुलीपुढे जातात असे धरा आणि उरलेल्या एकवीस तासांत हा पदार्थ हवेत मुळीच नसतो असेही धरा. तरीसुद्धा दिवसाची सरासरी ५०० नॅनोग्रॅम येते. माहुलच्या वासाचा शहरात एवढा बोभाटा झाला आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु खेड्यातील माउली पिढ्यान्पिढ्या जो धूर गिळीत आली, त्याची दाद कोणत्या न्यायासनापुढे लागली?

आपल्याकडे हवेची मोजणी करणारी केंद्रे मुख्यतः शहरांत व कारखान्यांच्या परिसरात आहेत. राष्ट्रीय योजनेतील सर्व केंद्रांवर नियमाने मोजले जातात ते गंधकाचा व नायट्रोजनचा वायू आणि दोन आकारांची सूक्ष्म धूळ. बेंझीन व बेंझोपायरीन यांची परीक्षा थोड्याच ठिकाणी होते, कारण तिला प्रयोगशाळा लागते, शिकलेला मनुष्य लागतो व पैसाही लागतो. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅसची शेगडी कोट्यवधी गरीब घरांत पोचली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु टाकी संपली आणि हाती पैसा नसला की चूल पुन्हा पेटते. चूल किती घरांत विझली याचा हिशेब केवळ वाटलेल्या टाक्यांवरून न करता घरातील हवेवरून करावयास हवा.

२००९ च्या त्या मानकांच्या तक्त्यात एक बारीकशी गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष वेधून मी हे भाषण संपवितो. त्या तक्त्यात औद्योगिक, निवासी, ग्रामीण व इतर अशा सर्व भागांकरिता एकच स्तंभ आहे. म्हणजे चेंबूरच्या रहिवाशास जो आकडा लागू, तोच धर्मापुरीच्या मावशींनाही लागू. कायद्याने त्यांचा श्वास शहरवासीयांच्या श्वासाइतकाच मोलाचा मानला आहे. मात्र तो स्तंभ भरण्याकरिता जे यंत्र जावे लागते, ते अद्याप त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेलेले नाही. मावशींनी आपली साक्ष त्या संध्याकाळी पदराने डोळे पुसताना दिलीच होती. ती लिहून घेण्याचे काम आपणा शिकलेल्या मंडळींकडे राहिले आहे.